भुजंगरावांचा राग

कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा सहा ते आठ ग्रॅमचं असतं. लांबी वीत-सव्वा वीत, जाडी शिसपेन्सिलीएवढी. आमच्याकडे आलेलं दोन महिन्यांचं होतं, जेमतेम आठ ग्रॅमला टेकलेलं, आणि टबाचं झाकण उघडलं रे उघडलं की ते माझ्या अंगावर यायचं. आधी मान मागे घेऊन नागमोडी मुडपायची, डोकं उचलायचं, शेपटीचं टोक इतकं थरथरवायचं की खाली अंथरलेल्या टिश्यूपेपरवर टर्रर्र आवाज उठायचा, आणि मग झेप. झेप पोचायची दोन इंच. माझं वजन किती ते इथे सांगत नाही, पण त्या दोन इंचांपुढे माझा हात आपोआप मागे यायचा.

याला कारण आहे. मी चिपळूणजवळच्या गावात वाढले. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप म्हणजे घरोघरी माहीत असलेलं प्रकरण. चिऱ्याच्या गडग्यात, पाचोळ्यात, जांभ्याच्या सड्यावर, कुठेही. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते खरखर आवाज करतं, आणि तो आवाज ज्याने लहानपणी ऐकलाय त्याचे पाय आधी मागे जातात, डोकं नंतर चालतं. बॅटरी घेतल्याशिवाय रात्री अंगणात उतरायचं नाही, लाकडं उचलताना आधी काठीने हलवायची, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं. त्यामुळे बारा वर्षांच्या लेकाने जेवताना "आई, आपण साप पाळू या" असं म्हटलं तेव्हा मी त्याला आणखी एक पोळी वाढली आणि विषय बदलला.

विषय बदलला नाही. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, रेडिंगला. इथे साप पाळणं म्हणजे काही जगावेगळं नाही. विषारी साप ठेवायचा तर १९७६च्या कायद्याखाली कौन्सिलचा परवाना लागतो, पण कॉर्न स्नेकसारख्या बिनविषारी सापाला काही लागत नाही. नवऱ्याला केसाळ प्राण्यांची ॲलर्जी, म्हणजे कुत्रा-मांजर बाद. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतचा. पाळणाऱ्यांकडे मिळतात ते पिढ्यान् पिढ्या बंदिवासातच जन्मलेले. पूर्ण वाढला की चार-पाच फूट, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे लेक शिकून, नोकरीला लागून घराबाहेर पडला तरी साप माझ्याकडेच, हे गणित मी पहिल्याच दिवशी मांडलं होतं.

(आमच्या भावाने हे कळल्यावर फोनवर विचारलंच, "अगं, आपल्याकडे मागच्या परड्यात तस्कर निघतो की, तोही बिनविषारीच. मग तिकडे पैसे कशाला घालवतेस?" त्याला सांगितलं तेच इथेही सांगते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले साप संरक्षित आहेत. ते पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो तस्कर असो, धामण असो की दिवड. शिवाय रानातला पकडलेला साप आणि पैदाशीतला साप यांच्यात फार अंतर आहे. पुढे जे लिहिणार आहे ते कुणी परड्यातल्या सापावर करून बघू नये.)

ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं ते एक निवृत्त गृहस्थ. घरातली एक खोली सापांना दिलेली. एकाच मादीच्या अंड्यांतली डझनभर पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत ठेवली होती. लेकाने एकेक डबा बघितला आणि ज्याने काचेवर तोंड आपटलं नेमका तोच निवडला. गृहस्थ म्हणाले, हा चावरा आहे, शेजारचा शांत आहे, तो घे. लेक ऐकेना. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घरी नेल्यावर लागोपाठ तीन वेळा खाईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. घरी येताना गाडीतच नवऱ्याने नाव ठेवलं, भुजंगराव. आठ ग्रॅमला एवढं नाव पेलेल का, असं मी म्हटलं, पण त्यांच्या स्वभावाकडे बघता अहोजाहोच योग्य होतं.

पिल्लं अशी का वागतात हे आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. कॉर्न स्नेकची मादी अंडी घालते आणि निघून जाते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात ती पहिल्या क्षणापासून एकटी. पक्षी, रॅकून, दुसरे साप, सगळ्यांचं ते खाद्य. विष नाही, ताकद नाही, पळायचा वेगही बेताचा. हातात आहे ते फक्त नाटक: मोठं दिसायचं, शेपटी वाजवायची, झेप घ्यायची, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून असा वास सोडायचा की समोरच्याची भूक मरावी. तो वास मी घेतलाय. कुजलेल्या सुकटीच्या जवळपास जाणारा, आणि साबणाने दोनदा हात धुतले तरी नखांत राहणारा. मोठ्या झालेल्या कॉर्न स्नेकला या नाटकाची गरज उरत नाही, म्हणून बहुतेक मोठे साप मवाळ असतात. थोडक्यात, वय हे निम्मं औषध आहे. उरलेल्या निम्म्यासाठी आपण काहीतरी करायचं असतं, आणि त्यातलं बरंचसं म्हणजे काहीही न करणं असतं.

पहिले काही आठवडे म्हणूनच आम्ही फक्त घर नीट लावलं. लहान पिल्लाला मोठी काचपेटी दिली तर ते उघड्यावर पडल्यासारखं घाबरतं, म्हणून नऊ लिटरचा प्लॅस्टिकचा टब, झाकणाला दोन्ही बाजूंनी कड्या, बाजूंना बारीक भोकं. एका टोकाखाली हीट मॅट, थर्मोस्टॅटला जोडलेली, तिथे ३० अंश. दुसरं टोक २३च्या आसपास. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावणारे लोक आहेत, आणि पोटाला भाजलेले साप डॉक्टरकडे नेणारेही बहुधा तेच. दोन्ही टोकांना लपायची जागा, कारण एकच दिली तर बिचाऱ्याला ऊब हवी की आडोसा यातून निवडावं लागतं. मधे चुरगाळलेला कागद, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकची पानं. जितकं दडायला जास्त तितका साप कमी घाबरतो. हे उलटं वाटतं, पण माझ्या मते साप सरावण्यातला सगळ्यात मोठा वाटा याचाच.

आणखी एक गोष्ट केली, ती मला कुणी सांगितली नव्हती. टब आधी जमिनीलगतच्या कप्प्यात होता. तिथे हात घालायचा म्हणजे वरून, आणि वरून येणारा हात म्हणजे पिल्लाच्या हिशेबी घारच. टब उचलून छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवला. आता झाकण बाजूला सरकवून हात आडवा आत जातो आणि भुजंगरावांना माझा चेहरा आधी दिसतो. त्याच खोलीत लेकाचा स्पीकर होता, तोही हलवला. सापाला बाहेरचा कान नसतो, पण पायाखालची कंपनं त्याला फार लवकर कळतात. बेस वाजवला की भुजंगराव आडोशातून बाहेरच यायचे नाहीत.

खाण्याबद्दल जास्त लिहीत नाही. केस न फुटलेली उंदराची पिल्लं, इथे त्यांना पिंकी म्हणतात, गोठवलेली मिळतात. एक पिंकी साधारण दोन ग्रॅमची. कोमट पाण्यात वितळवून, चिमट्याने, पाच-सहा दिवसांतून एकदा. चिमट्यातून भुजंगराव घेईनात, उलट चिमट्यावरच धावून जायचे. तेव्हा झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिंकी आणि राव दोघांना ठेवून, डबा टबातच ठेवून दिवा घालवायचा, ही त्या गृहस्थांची युक्ती चालली. सकाळी डब्यात एकटे राव, पोटाशी छोटा फुगवटा. तीन वेळा असं झालं आणि लेकाने कॅलेंडरवर मोठं वर्तुळ काढलं.

आता हात लावायचा. इथे सल्ल्यांचा महापूर असतो. एक पंथ म्हणतो रोज हाताळा, चावेल तेवढं चावू दे. दुसरा म्हणतो सहा महिने हातच लावू नका. तिसरा म्हणतो जाड हातमोजे घाला. हातमोज्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आठ ग्रॅमच्या सापासाठी ते घालणाऱ्याला बोटांखाली काय चाललंय ते कळत नाही, आणि न कळता दाबलं गेलं तर नाजूक फासळ्या आहेत त्या. शिवाय साप सरावतो तो आपल्या हाताच्या वासाला आणि उबेला. मोज्याला सरावून काय उपयोग? अंगातला घामट टीशर्ट टबात टाकून ठेवा म्हणजे त्याला वास ओळखीचा होईल, हाही एक प्रसिद्ध उपाय. आम्ही तो केला. भुजंगराव टीशर्टच्या घडीत तीन दिवस झोपले आणि बाहेर काढल्यावर माझ्यावर पूर्वीइतक्याच उत्साहाने झेपावले.

आमचा क्रम असा ठरला. खाल्ल्यावर दोन पूर्ण दिवस हात नाही, कारण पचत असताना हाताळलं तर पिल्लू खाल्लेलं ओकतं, आणि एवढ्याशा जिवाला ते महागात पडतं. कात टाकायला आला की हात नाही. बाकी दिवशी संध्याकाळी, एकदाच, पाच मिनिटं. आधी वास नसलेल्या साबणाने हात धुवायचे. मग झाकण सरकवून हात नुसता आत ठेवायचा, टबाच्या तळाला, पालथा, बोटं मिटून. काही करायचं नाही.

हे काही न करणं किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. भुजंगराव मान इंग्रजी एससारखी मुडपून, शेपटी वाजवत, माझ्या करंगळीपासून चार इंचांवर. पहिली झेप बसली ती तोंड मिटूनच. नाकाची एक टिचकी बसावी तेवढंच. दुसरी उघड्या तोंडाची. तीही अशी की त्वचेवर काहीतरी खरखरीत घासून गेलं. नंतर दिव्याखाली धरून बघितलं तर चार-पाच ठिपके, टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे, एकातून रक्ताचा थेंब जेमतेम फुगलेला. चिपळूणच्या मुलीला साप चावला, आणि तिला बँडेडसुद्धा लागलं नाही. त्या संध्याकाळनंतर माझा हात मागे येणं बंद झालं. नवऱ्याचं अजून येतं, पण त्यांनी करून बघितलेलं नाही.

हात मागे न घेण्याचं कारण नुसतं धाडस नाही. साप झेपावला आणि हात गेला, तर त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसतो: झेप घेतली की संकट जातं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर झेपावतो. हात तिथेच राहिला, त्याने काही केलंही नाही, तर झेप फुकट जाते. रागावलेलं पिल्लू दमतंही लवकर. चार-पाच झेपांनंतर शेपटी थांबते, मान सैल पडते, आणि मग जीभ बाहेर येते. आपण थांबायचं ते त्या क्षणाला. जीभ हलली, दोन-चार सेकंद गेले, हात हळूच बाहेर, झाकण बंद. शेवट नेहमी शांत असताना करायचा. लेकाला मी घड्याळ बघू देत नव्हते, त्याला जिभेकडे बघायला सांगायचे.

जिभेचं इथे जरा सांगते, कारण आम्ही सगळं तिच्यावरूनच वाचायला शिकलो. घाबरलेल्या पिल्लाची जीभ एकतर आतच असते किंवा बाहेर येऊन ताठ थांबते. चौकस असताना ती सारखी लवलवते, वर-खाली, लांब, आणि टोकं फाकलेली. हवेतले आणि त्वचेवरचे कण गोळा करून ती टाळूतल्या एका इंद्रियाकडे नेते, म्हणजे साप अक्षरशः चव घेऊन वास घेत असतो. भुजंगरावांनी पहिल्यांदा माझ्या अंगठ्याच्या नखावर जीभ फिरवली तेव्हा काही जाणवलंसुद्धा नाही, इतकी ती हलकी. दिसलं मात्र स्पष्ट, काळी, केसाएवढी, दोन टोकं नखाच्या दोन कडांना लागलेली.

यानंतर उचलणं. उचलण्याआधी रंगकामाच्या एका मऊ ब्रशने त्यांच्या मधल्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा, दरवेळी तोच ब्रश. म्हणजे त्यांना कळतं की आता येतोय तो हात आहे, पिंकी नाही. मोठे साप पाळणारे यासाठी लोखंडी आकडी वापरतात. ब्रश टेकवला की वाट बघायची नाही. बोटं बाजूने, पोटाखाली सरकवायची, अंगाच्या मधोमध, आणि उचलायचं. इथे रेंगाळणारा हात चावा खातो. वर घुटमळणारं, पुढे-मागे होणारं बोट म्हणजे शिकार करणाऱ्याची चाल. मान पकडायची नाही, डोक्यामागे बोट न्यायचं नाही. सापाची मान धरणं हे बाकी सगळे प्राणी त्याला मारण्यासाठीच करतात.

पहिल्यांदा उचललं ते लेकानेच, आमच्या पलंगावर मांडी घालून बसून, म्हणजे पडले तरी गादीवर. हातात आल्याबरोबर भुजंगराव झेपावले नाहीत, पळत सुटले. हे बहुतेकांना माहीत नसतं: पिल्लू टबात लढतं कारण तिथे त्याला जायला जागा नाही. हातावर आलं की त्याला फक्त निसटायचं असतं. तेव्हा त्याला निसटू द्यायचं. एक हात संपला की पुढे दुसरा हात, तो संपला की पुन्हा पहिला. लेक हात बदलत राहिला, राव धावत राहिले, मधेच एकदा घाण केली ती आमच्या चादरीवर. मग हळूहळू वेग कमी झाला. बोटांच्या बेचक्यात डोकं घालून ते थांबले. अंग मात्र ताठ, बोटाला घट्ट धरलेलं. पोटाकडून बघितलं तर काळ्या-पांढऱ्या चौकटी, एकसारख्या मांडलेल्या, वरच्या केशरी-तांबड्या अंगाशी काही संबंधच नसल्यासारख्या. मी तोवर कधी जिवंत सापाचं पोट बघितलं नव्हतं.

मग काही आठवडे रोजचंच. पाचाची आठ मिनिटं, मग दहा. झेपा कमी झाल्या, पण बंद नाही. वास सोडणं मात्र आधी बंद झालं आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लेकाची वही होती, तिच्यात तारीख, वजन, खाल्लं की नाही, आणि शेवटच्या रकान्यात मूड. मूडच्या रकान्यात 'भयंकर', 'बरा', 'आज शेपटी नाही' असं काहीबाही.

आणि मग कात. एका संध्याकाळी भुजंगरावांचा रंग मळका दिसला, पोट गुलाबीसर, डोळे निळसर दुधाळ. नव्या-जुन्या कातडीच्या मधे पातळ द्रव साठतो, डोळ्यावरच्या पारदर्शक खवल्याखालीही, म्हणून सापाला या काळात धड दिसत नाही. न दिसणारा साप सगळ्यालाच घाबरतो. सगळी मेहनत वाया गेली असं लेकाला वाटलं, कारण ब्रश टेकवल्याबरोबर पहिल्या दिवसासारखी झेप आली. आठवडाभर टबाला हात लावला नाही. ओल्या शेवाळाची एक डबी आत ठेवली, कात सुटायला मदत होते. डोळे पुन्हा स्वच्छ झाले, आणि नंतर दोन-चार दिवसांत एका सकाळी पुठ्ठ्याच्या नळीत उलटी निघालेली अखंड कात, डोळ्यांच्या खवल्यांसकट. लेकाने ती शाळेत नेली. त्या संध्याकाळी भुजंगराव हातावर आले ते तकतकीत, आणि पूर्वीपेक्षा शांत. आमच्याकडच्या या पहिल्या कातीनंतर घडी बसली, असं वहीवरून तरी दिसतं.

खरा चावा एकदाच बसला, आणि त्याचा रागाशी काही संबंध नव्हता. लेक मित्राकडे त्याच्या हॅमस्टरशी खेळून आला आणि तसाच टबाकडे गेला. भुजंगरावांनी शेपटी वाजवली नाही, मान मागे घेतली नाही. नाक पुढे काढून, हळू, नजर रोखून आले, आणि अंगठा व तर्जनीच्या मधली कातडी पकडून बोटाला तीन वेढे घातले. भीतीचा चावा लागतो आणि सुटतो. भुकेचा चावा धरून ठेवतो. लेक ओरडला नाही, याचं मला अजून कौतुक आहे. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं तर सापाचे दात तुटतात आणि आपली कातडी फाटते. म्हणून त्याचा हात तसाच न्हाणीघरात नेला आणि गार पाण्याची बारीक धार रावांच्या तोंडावर सोडली. काही सेकंदांत त्यांना हे उंदराचं पिल्लू नसल्याचा साक्षात्कार झाला. हात धुतले, जंतुनाशक लावलं, संपलं. सरपटणाऱ्या प्राण्यांमुळे साल्मोनेला होऊ शकतो, म्हणून हाताळून झाल्यावर हात धुणं आमच्याकडे सक्तीचं, आणि रावांची पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुतली जात नाही.

माझे वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते, साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे दाखवायला. लहानपणी मला ते निव्वळ वेड वाटायचं. आता कळतं की त्या माणसाचं खरं काम ७२ तास एकही दचकून केलेली हालचाल होऊ न देणं हे असणार. आम्हाला एका बिनविषारी पिल्लापुढे पाच मिनिटं ते जड जात होतं.

उन्हाळ्यात आई इथे आली तोवर भुजंगराव चाळिशी ओलांडलेले, म्हणजे ग्रॅमची, आणि पिंकीवरून फझीवर गेलेले. म्हणजे अंगावर लव आलेली उंदराची पिल्लं. आई त्या खोलीत पहिला आठवडा गेलीच नाही. मग दारातून, मग खुर्चीवरून. लेकाने त्यांना मनगटावर गुंडाळून तिच्यासमोर आणलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, हा तर तस्करासारखाच दिसतो." आणि मग "दूध देता का रे?" दूध सापाला पचत नाही, तो पाणीच पितो, हे तिला शास्त्रीय कारणांसह लेकाने समजावलं. तिने मान डोलावली. नागपंचमीला मात्र चिरणं-तळणं सगळं बंद, हळदीची पानं मिळाली नाहीत म्हणून केळीच्या पानात पातोळ्या उकडल्या, आणि टबासमोर लाह्या ठेवून लांबूनच नमस्कार केला. नेमका तो रावांच्या खाण्याचा दिवस होता. सणाच्या दिवशी घरात उंदीर वितळवायचा नाही, असं फर्मान निघालं. राव एक दिवस उपाशी राहिले. त्यांना काही फरक पडला नाही.

आता ते साठ ग्रॅमचे आहेत. शेपटी वाजवून महिने झाले. लेकाच्या बाहीतून शिरून कॉलरमधून निघणं हा त्यांचा आवडता रस्ता आहे, किंवा निदान नेहमीचा. त्यांना आमचा लळा लागलाय असं लेकाचे मित्र म्हणतात. मला तसं वाटत नाही. आम्ही धोक्याच्या यादीतून निघालो आहोत, एवढंच, आणि ऊब असलेलं चालतं-फिरतं झाड म्हणून आमचा उपयोग आहे. डोक्याला वरून स्पर्श केलेला अजूनही खपत नाही, चटकन मागे घेतात. तेवढा त्यांचा हट्ट आम्ही ठेवलाय.

दिवाळीला तीन आठवडे चिपळूणला जायचंय. या वयात दोन-तीन जेवणं चुकली तर बिघडत नाही असं गृहस्थांनी सांगितलंय, म्हणून शेजारच्या बाईंना फक्त पाणी बदलायला, तापमान बघायला आणि दोन्ही कड्या लावायला सांगितलं आहे. कड्यांचं दोनदा सांगितलं, कारण कॉर्न स्नेक चिमूटभर फटीतून निघून जातो. हात घालू नका असंही सांगितलं. परत आल्यावर पुन्हा ब्रशपासून सुरुवात, पण लेकाच्या मते चार दिवसांत गाडी रुळावर येईल. त्यानंतर फझीवरून हॉपरवर न्यायचं, म्हणजे आणखी मोठे उंदीर, आणखी मोठा डबा. फ्रीजरचा दुसराही कप्पा भुजंगरावांना द्यावा लागणार. ओल्या खोबऱ्याची पाकिटं मग कुठे हलवायची, यावर सध्या घरात वाद चालू आहे.